आधी माप, मग भांडं, मग जाळ

पहिल्या बाटलीचं टोपण उघडलं आणि उकडलेल्या मक्याच्या कणसाचा वास आला. हलकी, सोनेरी बिअर करायची होती. रंग तसाच आला होता, फेसही बरा होता, पण नाकाशी नेल्यावर कणीसच. एकोणीस लिटरचा घाणा, पन्नासेक बाटल्या, पाच आठवड्यांची वाट. त्यातल्या निम्म्याहून जास्त मी सिंकमध्ये ओतल्या. माल्ट चांगलं होतं, हॉप्स ताजे होते, यीस्टनं आपलं काम चोख केलं होतं. चूक माझ्या शेगडीत आणि भांड्यात होती, आणि ती नीट कळायला मला पुढची तीन वर्षं लागली.

मी मिनेसोटात राहतो. अमेरिकेत घरी बिअर करायला केंद्राच्या कायद्यानं मोकळीक मिळाली ती राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्यामुळे. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, म्हणजे साधारण ७५७ लिटर. विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू गाळणं हा जसा गुन्हा आहे, तसाच घरी बिअर करणं हाही. तेव्हा हे लिहितोय ते माझ्यासारख्या, जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्यांसाठी.

सुरुवातीला मी फक्त स्वस्त काय ते पाहिलं. फळं-भाज्या बरणीबंद करण्यासाठी इथे इनॅमलची मोठी भांडी मिळतात. त्यातलं एकतीस लिटरचं तीस डॉलरला घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीवर ठेवलं. भरडलेलं माल्ट कापडी पिशवीत घालून ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं, पिशवी निथळून काढली, आणि उरलेलं गोड पाणी उकळायला लावलं. ते उकळेचना.

साधा हिशेब आधी केला असता तर बरं झालं असतं. पंचवीस लिटर पाणी १५ अंशांवरून १०० वर न्यायला जवळजवळ अडीच युनिट वीज लागते, आणि तीही एक कणभर उष्णता वाया गेली नाही तर. माझी शेगडी दोन किलोवॅटची. म्हणजे उत्तम परिस्थितीतही सव्वा तास. प्रत्यक्षात भांड्याचं बूड शेगडीपेक्षा कितीतरी मोठं, बाजूनं उष्णता निसटत होती, वरून वाफ जात होती. कसेबसे बुडबुडे येऊ लागले की झाकण काढल्याबरोबर ते बसायचे. म्हणून मी तासभर झाकण अर्धवट ठेवलं.

कणसाचा वास तिथून आला. फिकट माल्टमध्ये एक गंधकयुक्त घटक असतो. तापवल्यावर त्यातून डायमिथाइल सल्फाइड तयार होतं. भांडं उघडं ठेवून खळखळून उकळलं तर ते वाफेबरोबर निघून जातं. झाकण ठेवलं की त्याच वाफेचे थेंब झाकणाला लागून परत आत पडतात. वरणाला झाकण घालून गॅस वाचवायची आपली सवय इथे उलटी पडते.

त्या इनॅमलच्या भांड्याचं आयुष्यही फार नव्हतं. चौथ्या घाण्याला बुडाशी टवका उडाला, खालचं लोखंड उघडं पडलं आणि गंजलं. त्या बिअरला जिभेवर लोखंडाची चव होती. टवका उडालेलं इनॅमल बिअरला चालत नाही, हे वाक्य मी आता प्रत्येक नवख्याला सांगतो.

मग मी टर्की तळायचा संच घेतला. थँक्सगिव्हिंग संपलं की दुकानं हे संच निम्म्या किमतीला काढतात: प्रोपेनची शेगडी, नळी, रेग्युलेटर आणि अठ्ठावीस लिटरचं उंच, अरुंद ॲल्युमिनियमचं भांडं. जाळ छान होता. पण त्या शेगडीला सुरक्षेसाठी पंधरा मिनिटांचं घड्याळ होतं. दर पंधरा मिनिटांनी बटण दाबलं नाही तर गॅस बंद. तळताना तेल पेटू नये म्हणून केलेली ती सोय रास्तच आहे, पण मला तासभर अखंड उकळी हवी होती. वस्तू कोणत्या कामासाठी बनवली आहे हे न बघता घेतली, की असं होतं.

शिवाय अठ्ठावीस लिटरच्या भांड्यात मी सव्वीस लिटर भरलं होतं. पहिली उकळी येताना माल्टमधल्या प्रथिनांचा जाड फेस वर येतो. दूध उतू जातं तसाच, पण दुधापेक्षा वेगानं आणि चिकट. मी हॉप्सचं पाकीट फाडायला वळलो तेवढ्यात फेस काठावरून उतरला आणि जाळ विझला. गॅस मात्र चालूच होता. घड्याळानं बंद करेपर्यंत तो तसाच सुटत राहिला असता. मी धावत जाऊन सिलिंडर बंद केला. त्या दिवसापासून एकोणीस लिटरच्या घाण्याला मी अडतीस लिटरचंच भांडं वापरतो, आणि पहिला फेस बसेपर्यंत शेगडीपासून हलत नाही.

ॲल्युमिनियमबद्दलही माझी चूक झाली, पण भांड्याचा दोष नव्हता. आमच्या घरी त्याला जर्मन म्हणतात, आणि जर्मनचं पातेलं चकचकीत घासणं ही आजीची शिस्त. मीही ते ऑक्सिजनवाल्या पावडरीनं घासलं आणि आत काळे डाग पडले. खरं तर नव्या भांड्यात नुसतं पाणी अर्धा तास उकळलं की आत राखाडी थर बसतो. तो ऑक्साइडचा थरच धातूचं रक्षण करतो. तो घासून काढायचा नसतो. स्वस्तात मोठं भांडं हवं असेल तर जाड बुडाचं ॲल्युमिनियम उत्तम. उष्णता स्टीलपेक्षा चांगली पसरवतं आणि हलकंही असतं.

सगळ्यात मोठी चूक पैशांची नव्हती. डिसेंबरची सकाळ, बाहेर उणे पंधरा. शेगडी गॅरेजमध्ये लावली आणि दार गुडघाभर उघडं ठेवलं. थंडीनं सिलिंडरमधला दाब पडला होता, बाहेरून बर्फाचा पांढरा थर चढला होता. जाळ पिवळा झाला होता आणि भांड्याच्या बुडाला काजळी धरत होती. गॅसची ज्योत निळी हवी हे मला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. वीस मिनिटांनी घरातला कार्बन मोनॉक्साइडचा गजर वाजला. बायको मुलीला तशीच कोट घालून अंगणात घेऊन गेली. अग्निशमन दलानं येऊन घरातला वायू मोजला, हवा खेळती केली. कुणाला काही झालं नाही. पण त्या वायूला वास नाही, रंग नाही. गजर नसता तर आम्हाला कळलंच नसतं. बिअरची शेगडी बंद जागेत कधीही पेटवायची नाही, दार अर्धं उघडं असलं तरी नाही.

त्यानंतर चिडून मी सगळ्यात दणकट बर्नर घेतला, ताटाएवढा. पातळ बुडाच्या स्टीलच्या भांड्याखाली तो पूर्ण सोडला. ज्वाळा भांड्याच्या कडेनं वर चढून वाया जात होत्या. आत पिशवी बुडाला टेकली होती, तिला भोक पडलं, माल्ट करपलं. अर्धा सिलिंडर एका घाण्यात गेला.

त्या रविवारी कोल्हापूरजवळच्या आमच्या गावी काकांना फोन केला. त्यांनी उभं आयुष्य गुऱ्हाळावर काढलं. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आरं, आदी काहील केवढी ते बघत्यात, मग चुलवाण खणत्यात. जाळ काहिलीखाली मावला पायजे. तू दोन्ही येगळं येगळं आणलंस."

लहानपणी पाहिलेलं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे आलं. काहील पसरट, कारण रसातलं पाणी उडवायचं असतं. चुलवाण तिच्या मापाचं. चिपाडं एकदम कोंबायची नाहीत, गुळव्या सांगेल तशी घालायची. फेस वर आला की आधी जाळ कमी करायचा. हे सगळं मी पाहिलेलं होतं. इथे येऊन विसरलो होतो.

आता माझ्याकडे मध्यम ताकदीची प्रोपेनची शेगडी आहे. तिचा जाळ भांड्याच्या बुडाच्या आतच राहतो. पाय रुंद आणि घट्ट, कारण उकळतं भांडं तीस किलोच्या आसपास असतं. भांडं अडतीस लिटरचं, जाड बुडाचं, ॲल्युमिनियमचं. पिशवीखाली एक जाळी. शेगडीवरून उचलावं लागू नये म्हणून तोटी बसवलेली. सगळं मिळून माझ्या चुकांवर गेलेल्या पैशांच्या निम्म्यातही आलं नाही.

ज्यांच्याकडे फक्त स्वयंपाकघरातली शेगडी आहे त्यांनी मोठी शेगडी घेऊच नये. नऊ-दहा लिटरचा लहान घाणा करा, सोळा लिटरचं पातेलं पुरतं, आणि उकळी खळखळून येते. बिअर कमी होईल, पण चांगली होईल. भांडं म्हणून कुणी बिअरचं कापलेलं स्टीलचं पिंप, म्हणजे केग, स्वस्तात देत असेल तर ते त्याच्या मालकीचं आहे का हे आधी विचारा. दुकानात अनामत भरली म्हणून केग आपलं होत नाही.

काटकसर भांड्यात करा, शेगडीच्या ताकदीत करा. रेग्युलेटर, नळी आणि गजर यांत करू नका. आणि पैसे काढण्याआधी एका कागदावर लिहा: मला किती लिटर करायची आहे? तो आकडा ठरल्याशिवाय दुकानात जाऊ नका.