दरवर्षी नवीन व्हर्जन, जिना तोच

थोडं मोठं लिहितोय. घर बांधणाऱ्यांनी वाचाच, पण कॉम्प्युटरवर ज्यांचं पोट आहे त्यांनीही वाचा.

आमच्याकडे बस स्टँडच्या मागे एक ड्राफ्ट्समन बसतात. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. पन्नाशी ओलांडलेली, आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल कोर्स केलेला. गावातल्या कितीतरी घरांचे नकाशे त्यांच्या हातचे. टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, चुकलेली रेघ ब्लेडने हलक्या हाताने खरवडणं, अमोनियाच्या वासाची प्रिंट, हे सगळं त्यांनी केलंय. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला 'पत्रकार' म्हणतात.

मागच्या आठवड्यात माझ्या घराच्या वरच्या मजल्याचा नकाशा कुठवर आला ते विचारायला गेलो. दादा स्क्रीनसमोर हाताची घडी घालून बसलेले. स्क्रीनवर एक पट्टी, मुंगीच्या पावलाने पुढे सरकतेय.

"काय चाललंय?"

"फाईल नव्या व्हर्जनमध्ये अपग्रेड होतेय. बस. चहा सांगतो."

एक चहा झाला. दुसरा झाला. पट्टी अर्ध्यावर.

दादांचं आता दोन प्रकारचं काम चालतं. गावातले नकाशे ते जुन्या, एकदाच पैसे भरून विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवर काढतात. पण खरे पैसे मिळतात ते पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसकडून. त्यांच्या इमारतींची थ्रीडी मॉडेलं दादा इथे बसून करतात. ते सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने घ्यायचं. पुणेवाले दरवर्षी नवीन व्हर्जनवर जातात आणि नव्यात सेव्ह केलेली फाईल जुन्यात उघडत नाही. म्हणजे दादांनाही जावंच लागतं. मग कॉम्प्युटर कमी पडतो, रॅम वाढवावी लागते. "या गाळ्याच्या भाड्यापेक्षा त्याचं भाडं जास्त आहे," दादा म्हणाले.

मला वाटलं, वय झालं, नवीन शिकायचा कंटाळा आला असेल. तसं बोललोही. दादा चिडले.

"शिकायला मी कधी नाही म्हटलं? बोर्डवरून माऊसवर आलो ना? माझं म्हणणं वेगळंच आहे. पैसे दरवर्षी घेतात, पण बदलायला पाहिजे ते बदलतच नाहीत. जिना वळला की कठडा तुटतो. किती वर्षं झाली! दरवर्षी वाटतं, यंदा तरी नीट करतील. यंदा काय आलं? इकडची बटणं तिकडे गेली."

घरी येऊन शोधत बसलो. म्हटलं, ही एकट्या दादांची कुरकुर आहे की आणखी कुणाची? तर हा वाद जगभर गाजलेला निघाला.

जुलै २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठमोठ्या आर्किटेक्ट फर्मनी ऑटोडेस्क कंपनीच्या प्रमुखांना जाहीर पत्र लिहिलं. झहा हदीद आर्किटेक्ट्स, ग्रिमशॉ, रॉजर्स स्टर्क हार्बर अशी नावं. विषय होता त्यांचं रेव्हिट हे इमारतींच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर. म्हणणं असं की २०१९ अखेरच्या पाच वर्षांत आमचा खर्च ७० टक्क्यांपर्यंत वाढला, लायसन्सचे नियम वारंवार बदलले, आणि सॉफ्टवेअर मात्र त्या मानाने पुढे सरकलंच नाही. रेव्हिट बाजारात आलं २००० साली आणि ऑटोडेस्कने ते २००२ मध्ये १३.३ कोटी डॉलरला विकत घेतलं. म्हणजे पाया वीस वर्षांचा. कंपनीच्या प्रमुखांनी उत्तर दिलं आणि आर्किटेक्टांच्या कामाच्या सुविधा वाढवण्याचा वेग कमी पडला, हे मान्यही केलं. तरी २०२२ मध्ये नॉर्वे, डेन्मार्ककडच्या आर्किटेक्ट संघटनांनी पुन्हा तसंच पत्र लिहिलं. पुढे २०२४ च्या व्हर्जनमध्ये जमिनीचा चढउतार दाखवायची नवीन सोय आली, ती कामाची होती. त्याच व्हर्जनमध्ये काळ्या पार्श्वभूमीची स्क्रीनही आली. ती आपल्या मोबाईलमध्ये कधीची आहे!

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर इंजिनिअर मित्र कमेंटमध्ये सोलून काढतील. वीस-पंचवीस वर्षांच्या सॉफ्टवेअरमध्ये एक वीट हलवली की दहा ढासळतात. जुन्या फायली उघडत राहिल्या पाहिजेत. आणि एक बटण हलवलं तरी ओरडणारे आपणच असतो. दादा पाच मिनिटांत 'बदलत नाहीत' आणि 'बदलतात' अशा दोन्ही तक्रारी करून मोकळे झाले.

पण मला पटलेलं कारण वेगळं आहे. पूर्वी सॉफ्टवेअर सीडीवर विकत मिळायचं. नवीन व्हर्जन आवडलं तर घ्या, नाहीतर जुनंच वापरा. गिऱ्हाइकाला पटवायला कंपनीला काहीतरी घसघशीत द्यावं लागायचं. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये कायमची लायसन्स विकणं बंद केलं, आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांची हीच वाट आहे. भाडं सुरू झालं की घरमालकाला रंग काढायची घाई नसते. भाडेकरू जाणार कुठे? त्याचं सगळं सामान, म्हणजे फायली, आतच आहेत.

आयएफसी नावाचा कुठल्याच कंपनीच्या मालकीचा नसलेला फाईलचा प्रकार आहे, आयएसओचं मानांकन असलेला. दादांना विचारलं. म्हणाले, "माहितेय. पण पुणेवाल्यांना मूळ फाईलच लागते. त्यात हात घालून बदल करायचे असतात." सरकारी कामांच्या टेंडरमध्ये अशा खुल्या फायलींचा आग्रह धरला तर हळूहळू खाली झिरपेल, असं मला वाटतं. आपले लोकप्रतिनिधी या विषयावर बोलतील अशी आशा नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला जड जातंय. पंधराएक वर्षांपूर्वी मी चोरीच्या सॉफ्टवेअरवर एक बातमी केली होती. मथळा झणझणीत, भाषा नैतिक. दुसऱ्या दिवशी दादा कात्रण घेऊन ऑफिसात आले. ते तेव्हा कॉपी केलेल्या सीडीवर काम करायचे, अख्ख्या गावाला माहीत होतं. त्यांनी एकच विचारलं, "पत्रकार, तुमचं पान कशावर लागतं?"

आमचं पान पेजमेकरवर लागायचं. त्याचं ७.० हे शेवटचं व्हर्जन २००१ साली आलं आणि पुढे ते थांबलंच. मराठी फॉन्ट त्यातच नीट बसलेले, म्हणून छोटे पेपर कितीतरी वर्षं त्यालाच धरून राहिले. आमची सीडीही कॉपीचीच होती. मी काही बोललो नाही. बातमी खरी होती, ती लिहिणारा मात्र त्याच नावेत बसला होता.

त्यानंतर वर्षभरात दादांनी पतसंस्थेचं कर्ज काढून अस्सल सॉफ्टवेअर घेतलं, गावातल्या नकाशांसाठी अजून वापरतात ते. पावती फ्रेम करून भिंतीला लावली. अजून आहे तिथे. त्याच भिंतीखाली बसून ते परवा म्हणाले, "भाचा म्हणतो, मामा, भाडं कशाला भरता, क्रॅक टाकून देतो. टाकू का?"

पंधरा वर्षांपूर्वीचा मी असतो तर लगेच उत्तर दिलं असतं. परवा मी पावतीकडे बघत राहिलो. नको म्हणालो, पण आवाजात दम नव्हता, आणि ते दादांनाही कळलं.

तेवढ्यात पट्टी संपली, फाईल उघडली. दादांनी चष्मा वर सरकवला आणि थेट जिन्यावर गेले. वळणावर कठडा तुटलेलाच. काही न बोलता त्यांनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, चहाच्या बिलाच्या मागे तो कोपरा काढला, मोजमापं टाकली आणि मग एकेक तुकडा हाताने जोडायला बसले.

माझ्या नकाशाचं विचारायचं राहूनच गेलं. उद्या जातो.