चवदार तळे ते मिरामार

आमच्या धाकट्याने यंदाच्या शर्यती वहीत मांडल्या आहेत: पावसाळा सरल्यावर गोव्याची ट्रायथलॉन, जानेवारीत मुंबई मॅरेथॉन. गोव्यात समुद्रात १.९ किलोमीटर पोहून पुढे ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावायचे. उन्हाळ्यात पणजीचा मिरामार किनारा पाहायला आम्ही सारे एस.टी.ने निघालो; वाटेत महाडला उतरलो. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी येथे चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पाण्याला शिवण्याचीच बंदी, मग आमचे आजे-पणजे पोहायला कुठे शिकणार? घरात पोहायला शिकलेला धाकटाच पहिला. मिरामारला तो लाटांत शिरला. आजी वाळूत उभी राहून बघत होती. नोंदणीचे पैसे सर्वांनी मिळून भरायचे तेथेच ठरले. जय भीम!