बोट आणि मनगट

बोट दिलं की मनगट धरतो, हे आमच्या आजीच्या तोंडी फार असायचं. काही घरांत 'बोट दिलं तर हात धरतो' म्हणतात, आमच्याकडे मनगटच. दहा रुपये उसने नेऊन आठवड्यात पन्नास मागायला येणारा दूरचा भाचा असो की वाटीभर साखर नेऊन चहापत्तीही मागणारी शेजारीण, आजी हीच म्हण वापरायची. बोट देणारा भला आणि मनगट धरणारा लोचट, हे त्या म्हणीत आधीच ठरलेलं असतं. समुद्रकाठच्या थळ गावाहून परतल्यापासून मात्र मला त्या ठरलेपणाचा काही पत्ता लागत नाही. बोट मी दिलं होतं आणि मनगटही मीच धरलं.

साडेचार वर्षांच्या मुलीच्या मुठीत मोठ्या माणसाचं एकच बोट मावतं, कधी तर्जनी, बहुतेक वेळा करंगळी. आपला पंजा तिला धरताच येत नाही, म्हणून तर आपण 'बोट धरून चालते' असं म्हणतो. आणि बोट धरलेलं मूल केव्हाही सुटू शकतं. मूठ उघडली की झालं. धरायचं की सोडायचं, ते त्याच्या हातात असतं. मनगट धरलं की ते आपल्याकडे येतं. इतकी साधी गोष्ट मला आई होऊन आठ वर्षं झाल्यावर दिसावी, तीही बोंबलांच्या दोऱ्यांखाली उभी असताना, याचं मला अजून नवल वाटतं.

आम्ही पनवेलहून पहाटे निघालो होतो. वडखळला चहा झाला आणि साडेआठला थळच्या बाजारात पोचलो. चालत गाव दाखवणारे एक तरुण दादा तिथे आमची वाट बघत होते. आम्ही अकरा जण, त्यांत लहान मुलं दोनच आणि दोन्ही माझी. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्यांत थळसमोरच्या समुद्रातली खांदेरी आहे. ती बातमी वाचली तेव्हाच थोरल्यानं हट्ट धरला होता. खांदेरीवर होडीनं जाता येतं, पण धाकटीला एवढ्यात होडीत घालायला मी तयार नव्हते. गावातून फिरायचं आणि किनाऱ्यावरून खांदेरी आणि शेजारची उंदेरी ही दोन्ही बेटं बघायची, एवढंच ठरलं.

दादा फार चांगलं सांगत होते, हे आधी लिहायला हवं. पाठ केलेलं सांगत नव्हते. किनाऱ्यावर त्यांनी वाळूत काठीनं मुंबई काढली, खाली जंजिरा काढला आणि मधे एक खडा ठेवला. जंजिऱ्याचा सिद्दी पावसाळ्यात आपलं आरमार मुंबईला इंग्रजांच्या आश्रयाला ठेवायचा. त्या वाटेवर नजर ठेवायची तर हा खडा आपल्याकडे हवा. म्हणून 1679 साली, पावसाळा अजून पुरता सरला नव्हता तेव्हा, शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींना माणसं देऊन खांदेरीवर पाठवलं. इंग्रजांनी बेटाभोवती जहाजं लावली. पण ती मोठी, पाण्यात खोल बसणारी, वाऱ्यावर चालणारी. आपल्या होड्या लहान, उथळ, वल्ह्यांच्या. रात्रीच्या अंधारात त्या खडकांमधून, जिथे मोठं जहाज येऊच शकत नाही अशा पाण्यातून, बेटावर चुना आणि धान्य पोचवत राहिल्या. 1680 च्या जानेवारीत इंग्रजांनी तह केला आणि ते निघून गेले. त्याच महिन्यात सिद्दीनं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं, आणि दोन जवळजवळची बेटं समोरासमोर तोफा लावून बसली.

थोरला दादांच्या शर्टाला चिकटून होता. "म्हणजे दोन भावांची भांडणं," तो म्हणाला, आणि धाकटीकडे बघून हसला. पण धाकटी तिथे नव्हती.

ती मागे, वाटेच्या कडेला, बोंबलांखाली उभी होती. ज्यांनी ओले बोंबील वाळत घातलेले बघितले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. बांबू रोवून त्यांवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या असतात. बोंबील दोरीला बांधत नाहीत. दोन मासे घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची. एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. ओला असताना अंग काचेसारखं असतं, आरपार उजेड दिसतो. दुपारपर्यंत ते आखडायला लागतं. दाताला दात अडकल्यामुळे वाऱ्यानंही जोडी सुटत नाही. धाकटी मान वर करून एकेक जोडी बघत होती. मी हाक मारली. आली नाही. गट पुढे निघाला होता. मी दहा पावलं मागे गेले आणि तिला ओढून आणली. ओढून म्हणजे खरंच ओढून. मनगट धरलं होतं.

"त्यांनी एकमेकांना धरलंय," एवढंच ती म्हणाली. रडली नाही. नंतर बघितलं तर आतल्या बाजूला माझ्या अंगठ्याची लाल खूण होती. पाच मिनिटांत गेलीही असेल. पण त्यानंतर तिनं माझं बोट धरलं नाही. दोन्ही मुठी फ्रॉकच्या खिशांत घालून ती माझ्या बाजूनं चालत राहिली.

आजीच्या म्हणीकडे परत येते. मला वाटतं, ती म्हण बनली ती मोठ्यांच्या दुनियेत, देण्याघेण्याच्या हिशोबातून. पण तिच्यातलं चित्र मुलाचंच आहे. बोट कुणाला देतात? मुलाला, आंधळ्याला, म्हाताऱ्याला. म्हणजे ज्याला वाट दिसत नाही त्याला. आणि मनगट कोण धरतं? बुडणारा धरतो, किंवा बुडणाऱ्याला काढणारा धरतो. मग म्हणीतला तो लोचट माणूस खरोखर लोचट होता की बुडत होता? आमच्या आजीचा दूरचा भाचा पुढे सगळं विकून गाव सोडून गेला, हे मला आता आठवतंय. तेव्हा घरात कुणी त्याचा संबंध बोटाशी लावला नाही.

बोटांचं मराठीत भलतंच आहे. आश्चर्य वाटलं की तोंडात बोट, शाप द्यायचा तर बोटं मोडायची, दोष द्यायचा तर बोट दाखवायचं आणि वाट दाखवायची तरी बोटच दाखवायचं. दोष आणि दिशा यांना एकच हावभाव. दादा वाळूत उभे राहून समुद्राकडे बोट दाखवत होते आणि अकरांतले नऊ जण त्या बोटाच्या रेषेत बघत होते. अगदी लहान मूल मात्र आपण चंद्र दाखवला तर आधी आपलं बोट बघतं. धाकटी त्या वयातून केव्हाच पुढे गेली आहे, तिला दिशा कळते. फक्त तिच्या लेखी बघायचं ते जवळ होतं आणि आम्ही सगळे लांब बघत होतो.

पुढचं बोट तिनंच दाखवलं. करंगळी. बालवाडीत शिकवलेली खूण. त्या वेळी दादा शेजारच्या नवगावची गोष्ट सांगत होते: फार जुन्या काळी तिथल्या समुद्रात गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, मेलेल्यांना त्यांनी तिथेच पुरलं, आणि त्यांच्यापासून कोकणातले बेने इस्रायल झाले, अशी त्या समाजात चालत आलेली कथा आहे. ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी काम करायचे नाहीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मला ती गोष्ट ऐकायची होती. मी करंगळी बघितली आणि मान हलवून 'थांब' म्हटलं. ती थांबली. मग दुसऱ्यांदा करंगळी वर केली, तेव्हा डोळे भरले होते.

मुलांना घेऊन पायी फिरताना सगळ्यांत मोठा प्रश्न हाच असतो आणि तो कुठल्याही पत्रकात छापलेला नसतो. आसपास काही नव्हतं. मी इकडेतिकडे बघत असताना समोरच्या ओट्यावर सुकट पाखडत बसलेल्या एक मावशी उठल्या. मी काही बोललेही नव्हते. "ये गो बाय," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. माझ्या मुलीनं खिशातून मूठ काढली आणि त्यांची करंगळी धरली.

मी मागोमाग निघाले तर मावशी म्हणाल्या, "तू बस इथं जरा." मी ओट्यावर बसले. गट वळणावरून दिसेनासा झाला. थोरला दादांबरोबर गेला, एकदाही मागे न बघता. सुपात गुलाबी करडी सुकट होती, तिच्यातून निवडून काढलेला एक बोटाएवढा खेकडा बाजूला ठेवला होता. आतून पाण्याचा आवाज आला, मग बोलण्याचा, मग बराच वेळ काहीच नाही. मला उठावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. अर्ध्या तासानं दोघी बाहेर आल्या तेव्हा धाकटीच्या हातात जाळं विणायची सुई होती, बांबूची, मधे जिभेसारखी पट्टी असलेली, तिच्यावर निळा दोरा गुंडाळलेला. मावशींचे यजमान मागच्या पडवीत जाळ्याची भोकं सांधत बसले होते म्हणे. त्यांनी तिला दोन गाठी घालायला दिल्या होत्या. "एक चुकली," ती मला म्हणाली. "ती त्यांनी तशीच ठेवली."

तिथे मला ताराबाई मोडकांची आठवण झाली. 1945 साली त्यांनी बोर्डीत बालवाडी सुरू केली. पोरं शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी शाळाच उचलून पोरांच्या अंगणात नेली, आणि पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. दगड, पानं, शिंपले हीच साधनं. मूल जिथे आहे तिथे जाऊन उभं राहायचं, एवढीच त्यातली गोष्ट. इतकं लिहिलं आणि वाटलं, सापडलं. मी बोंबलांपाशी तिच्याशेजारी थांबायला हवं होतं. बाकीचं आपोआप आलं असतं.

पण ते तसं नाही. त्याच वाटेवर मासळीचे टेम्पो मागे घेत होते, ड्रायव्हरला साडेचार वर्षांचं मूल आरशात दिसत नाही. बोट धरून ठेवलं असतं आणि तिनं मूठ उघडली असती तर? आणि थोरल्याचं काय? तो आठ वर्षांचा आहे, लांबचं बघण्याच्या वयात नुकताच आला आहे. त्याला खांदेरीवरच्या त्या दगडाबद्दल ऐकायचं होतं, ठोकला की धातूच्या भांड्यासारखा आवाज करणारा. बेटावर 1867 साली दीपस्तंभ उभा राहिला, त्याचा उजेड किती लांब जातो हे त्याला विचारायचं होतं. बोंबलांखाली अर्धा तास थांबले असते तर त्याचं मनगट धरल्यासारखं झालं असतं. दोघांना दोन हात असतात म्हणावं, तर दोन हात दोन दिशांना किती लांब जातील?

आणि मावशींनी तरी काय केलं? त्यांनी बोट दिलं आणि ती गेली. अनोळखी घरात, मला न विचारता. मी ओट्यावर बसून त्या अर्ध्या तासात किती वेळा दाराकडे बघितलं ते माझं मला ठाऊक. ज्या सहजपणानं तिनं ते बोट धरलं त्याचा मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, आणि दोन्हींमध्ये थोडं वाईटही वाटलं, कारण तासाभरापूर्वी तेच बोट माझं असतं. मनगटामुळे ते गेलं, असं मला त्या दिवशी ठाम वाटत होतं. आता तितकं वाटत नाही. कदाचित तिला फक्त लागली होती आणि मावशी जवळ होत्या. मुलं आपल्याइतका हिशोब ठेवत नाहीत म्हणतात. ठेवतही असतील, आपल्याला दाखवत नसतील.

परत निघताना किनाऱ्यावर ओहोटी लागली होती. उंदेरी जवळ सरकल्यासारखी दिसत होती आणि मागे गावाच्या अंगाला खतकारखान्याच्या चिमण्या. गाडीपाशी आल्यावर धाकटीनं माझा हात धरला. बोट नाही, बाहीचं टोक. झोपेपर्यंत धरून होती. ते क्षमा म्हणून होतं की थकून, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, असंही नाही.

येत्या रविवारी पुन्हा थळला जायचं आहे. मावशींना त्यांची सुई परत द्यायची आहे, ती आमच्या पिशवीतच राहिली. या वेळी कुणाच्या मागून जायचं नाही, बोंबील असतील तिथे थांबायचं, असं मी घरात सांगून टाकलं. धाकटी काही बोलली नाही. थोरला म्हणतो, दादा सांगायला नसतील तर तो येणार नाही.