बिनडोक्याचा बेस

खोक्यातून गिटार अजून पूर्ण बाहेरही आली नव्हती, तोच बायकोनं विचारलं, "याचं डोकं कुठे तुटलं?" तुटलेलं नाही, असाच असतो, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे चौदा हजार देऊन बिनडोक्याचा आणलात. शोभतो तुम्हाला."

चौदा हजार का दिले, ते आधी सांगतो. मी सांगलीत नोकरी करतो आणि कॉलेजात असल्यापासून ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्नं, गणपती, एखादं गॅदरिंग. गेल्या पावसाळ्यात डावा खांदा धरला. डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलं, व्यायाम दिले आणि खांद्यावर वजन घ्यायचं नाही अशी ताकीद दिली. माझा जुना बेस साडेचार किलोचा. पट्ट्यानं तो डाव्याच खांद्यावर लटकतो, तोही तीन-तीन तास. दोन कार्यक्रम मी घरी बसलो. आमच्या कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं बेस सांभाळला. कसा झाला कार्यक्रम, असं मी विचारलं, तर सगळे म्हणाले, मस्त झाला. माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. त्या रात्री खांदा फारसा दुखला नाही, तरी झोप लागली नाही.

हलका बेस शोधायला लागलो, तेव्हा हेडलेसवर येऊन थांबलो. नेहमीच्या बेसला लांब मान, मानेच्या टोकाला डोकं आणि डोक्यात चार जाडजूड खुंट्या असतात. त्या वजनानं मान खाली झुकते आणि डावा हात वाजवता वाजवता तिला उचलत राहतो. नेड स्टाइनबर्गर नावाच्या अमेरिकन माणसानं १९७९-८०च्या सुमारास हे डोकंच काढून टाकलं आणि तार पिळायची सोय खाली, घोडीपाशी नेली. हा माणूस मुळात फर्निचरचा डिझायनर. त्याचा बेस लाकडाचाही नव्हता, कार्बन-ग्रॅफाइटचा होता. वल्ह्यासारखा दिसतो. तो आपल्या खिशाला परवडणारा नव्हेच, पण त्याच्या धर्तीवर लाकडाचे स्वस्त बेस निघतात. त्यातलाच एक मला पुण्यात एका इंजिनिअरिंगच्या मुलाकडे जुना मिळाला. ब्रँडचं नाव लिहीत नाही. वजन माझ्या घरच्या काट्यावर तीन किलो एकशे.

घेण्याआधी जमेल तसा तपासला. मानेच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं, पीळ नव्हता. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाकी सगळं दुरुस्त होतं, पिळलेली मान होत नाही. मग जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मध्ये, सातव्या-आठव्यापाशी व्हिजिटिंग कार्ड सरकवलं. जेमतेम गेलं. म्हणजे बाक ठीक. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक काढला आणि तिथेच तार दाबून वाजवली. दोन्ही सूर ट्यूनरवर जुळायला हवेत. थोडे हुकत होते, पण घोडीच्या खोगिरांना मागे सरकायला जागा होती. पिळण्या फिरवून पाहिल्या नाहीत. मुलानं सूर लावूनच दिला होता आणि मी खूश झालो होतो.

घरी येऊन फिरवल्या आणि बोटं लाल झाली. डोक्यावरच्या खुंटीत दातेरी चाकं असतात. इथे फक्त एक आटा असतो आणि त्यावर गोल मूठ. मूठ फिरली की तार ओढली जाते. तार ताणलेली असताना मूठ मागच्या पत्र्यावर घासते आणि जाम होते. दुसरी भानगड वरच्या टोकाला. मूळ स्टाइनबर्गरला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात. त्या आपल्याकडे सहज मिळत नाहीत, म्हणून माझ्या बेसमध्ये साधी तार छोट्या स्क्रूखाली आवळायची सोय आहे. ती तार सुटत होती. दोन गाणी झाली की सूर उतरलेला. आणि या सगळ्यावर फरफर. पाचव्या फ्रेटपासून वर कुठेही दाबा, तार पुढच्या फ्रेटवर आपटायची.

इथे मी जी चूक केली, ती कबूल करतो. फरफर ऐकून मला वाटलं, पिकअप भिकार आहेत. साडेसहा हजारांचे नवे पिकअप मागवले, एक रविवार घालवून झाळले, आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावली. घूं असा पन्नास हर्ट्झचा आवाज गेला, हे खरं. ते काम पट्टीनं केलं आणि पट्टी दोन-अडीचशे रुपयांची होती. नव्या पिकअपनी काय केलं? आधी फरफर अंधुक ऐकू यायची, आता अगदी स्वच्छ यायला लागली. बायकोला हिशोब सांगताना पिकअपचे चार हजार सांगितले. हे ती वाचणार आहे, तर आता कळेलच.

शेवटी मिरजेला गेलो. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटर. सतार आणि तंबोऱ्यासाठी मिरज प्रसिद्ध, २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथली सतार करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. एका चाचांशी माझ्या अब्बांची जुनी ओळख. दुकानात भोपळे टांगलेले, खाली भुसा, चाचा दांडीवर वाकलेले. मी बेस काढून समोर ठेवला.

"ह्याचं डोस्कं कुठाय?"

म्हटलं, "चाचा, घरीही हेच विचारतात."

त्यांनी हातात घेतला, मांडीवर तोलला, दाबून एक तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. "पडदे वरखाली आहेत. आमचे पडदे दोऱ्यानं बांधलेले, सरकवता येतात. तुझे ठोकलेले. ठोकताना कुणी बघितलंच नाही." मग हसले. "जन्मभर घोडी घासून तारेची झणझण काढली, जवारी म्हणतात तिला. आता म्हातारपणी तू आलास, म्हणतोस झणझण घालव."

तारा सैल करायच्या, मानेतला रॉड थोडा थोडा फिरवून मान सरळ करायची, एवढं मी केलं. मान किल्लीनं सरळ होते, याची चाचांना मोठी गंमत वाटली. त्यांच्या दांडीत असलं काही नसतं. पुढचं काम त्यांचं. दोन फ्रेटमधल्या लाकडावर चिकटपट्टी लावली. प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करनं रेघ ओढली. मग लांब सपाट कानस, जोर न देता, मानेच्या लांबीनं फिरवली. जिथे फ्रेट उंच, तिथली शाई लगेच गेली. जिथे खोल, तिथे राहिली. सहावा आणि सातवा कोरे चकचकीत झाले तेव्हा पाचवा काळाच होता. सगळ्यांची शाई निघेपर्यंत कानस चालली. मग धार मोडलेल्या तिकोनी कानशीनं प्रत्येक सपाट माथा पुन्हा गोल केला आणि शेवटी बारीक पॉलिश पेपर. दोन तास लागले. मी बघत होतो आणि मनात साडेसहा हजार मोजत होतो. चाचा पैसे घेईनात. अब्बांचं नाव काढलं. मी आठशे रुपये रंध्याखाली ठेवून निघालो.

तारा चढवल्यावर बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरपेक्षा थोडी कमी ठेवली. फरफर गेली होती. मला पिकअपचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. चांगला आहे. पण जुनेही चालले असते.

पिळण्यांचा इलाज बेरिंगच्या दुकानात सापडला. मूठ आणि पत्रा यांच्यामध्ये बसतील असे चार छोटे थ्रस्ट बेरिंग, आटा साफ करून त्याला ग्रीस. आता मूठ दोन बोटांनी फिरते. सुटणाऱ्या तारेचं असं निघालं की मी तार आधी कापत होतो आणि मग आवळत होतो. कापल्याबरोबर वरचं वेटोळं सैल होतं, स्क्रूला आतला गाभा नीट धरता येत नाही. आता आधी आवळतो, पुढचं टोक काटकोनात वाकवतो, मग कापतो. बसून वाजवताना एवढंसं अंग मांडीवरून निसटतं, त्यासाठी पाटाचा तुकडा घासून खाली लावला आहे. दिसायला वाईट आहे.

सगळं सुधारलं असं नाही. सर्वांत बारीक तारेवर सहाव्या फ्रेटजवळ सूर चटकन विझतो, तो तसाच आहे. तो लाकडाचा गुण, कानशीनं जात नाही. खालचा 'ई' माझ्या जुन्या बेसइतका भरदार नाही. कुणी विचारलं तर सांगेन: पाठ-खांदा ठणठणीत असेल तर याच पैशात साधा डोकेवाला बेस यापेक्षा चांगला मिळतो. हेडलेसमध्ये कारखानदाराचा खर्च त्या घोडीवर होतो, मग बाकीकडे हात आखडतो.

परवा इस्लामपूरला लग्नाचा कार्यक्रम होता. खुर्ची मागितली नाही, उभा राहिलो. पहिलं गाणं सुरू झालं आणि खाली नुसता चिखल. कीबोर्डवाल्याचा डावा हात सवयीनं बेस वाजवत होता आणि त्याच्यावर माझा. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाहिलं नाही. दुसऱ्या गाण्यात अंतऱ्याच्या आधी त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "अरे, हात उचल की."

त्यानं उचलला आणि पाण्याच्या बाटलीकडे नेला. अंतरा मी एकट्यानं वाजवला.

खांदा रात्री थोडा दुखला. शेकला.