चार नंबरचा सांधा

इंजिन सांध्यावर अडलं की माझं बोट आपोआप त्याच्या टपावर टेकतं. जरासं दाबलं की स्वारी निघते. पाहुण्यांसमोर खपून जातं, पण तो इलाज नव्हे.

१९९८ साली कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय सुरू झालं. ते पाहून आलो आणि बिघडलो. गच्चीवरच्या खोलीत आठ फूट बाय चार फूट प्लायवर माझा पसारा आहे. एचओ मापाचा, म्हणजे दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर. सांधे नऊ.

गेल्या पावसाळ्यात चार नंबरने छळलं. शंटिंगचं ठेंगणं इंजिन तिथे अडायचं, तेही गाडी सरळ जाताना. वळणाला लावलं की ठीक. लांब डिझेल मात्र कुठेही न अडता पार. अर्धं निदान यातच होतं. डिझेलची पुढची बोगी पलीकडच्या, वेगळी तार दिलेल्या रुळावर पोचलेली असते. ठेंगण्याची एका बाजूची तिन्ही चाकं एकदम मेलेल्या तुकड्यावर.

मीटर लावला. फ्रॉगवर, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकावर, चक्क बारा व्होल्ट. मग दोन संध्याकाळी मी प्लायखाली उताणा पडून धडधाकट वायरी उपटल्या आणि पुन्हा जोडल्या. तिसऱ्या दिवशी ट्यूब पेटली. मीटर जवळजवळ करंट खेचतच नाही. केसाएवढा संपर्क असला तरी तो बारा दाखवतो. नाना पेठेत पाच वॉटचा पार्किंगचा दिवा मागितला. ‘‘कुठल्या गाडीला, काका?’’ मी म्हटलं, ‘‘मालगाडीला.’’ हा दिवा चारशे मिलिअँपिअरच्या आसपास खेचतो. तो जोडल्याबरोबर बाराचे तीन झाले.

माझ्या या सांध्यात सरकत्या जिभा आणि फ्रॉग विजेच्या दृष्टीने एकच. जीभ बाजूच्या रुळाला टेकते, तेवढ्याच स्पर्शातून सगळ्यांना वीज. सरळ मार्गाच्या जिभेवर भिंगातून पाहिलं तर गोंदाचा पापुद्रा. खडी चिकटवताना पाण्यात कालवलेला गोंद मीच सढळ हाताने सोडला होता. वर पावसाळी हवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापडाची पट्टी ओढली, गाडी धावली. आठवड्याने पुन्हा अडली.

मग सांधा उखडला. जिभा आणि फ्रॉग यांच्यामध्ये बारीक करवतीने काप घेतले, प्रत्येक जिभेला शेजारच्या रुळापासून तारेचा डाग दिला, आणि फ्रॉगची वीज सांधा फिरवणाऱ्या मोटरबरोबर हलणाऱ्या मायक्रोस्विचमधून आणली. क्रम महत्त्वाचा: आधी काप, मग डाग. काप राहिला तर दोन्ही रूळ तारेनेच एक होतात.

मोटरची कॉइल मात्र शाबूत होती. पूर्वी एकदा बटण अडकून मी ती जाळली होती. तो वॉर्निशचा वास खोलीतून दोन दिवस गेला नाही. तेव्हापासून कॉइलला थेट वीज देत नाही. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरतो आणि एकच ठोसा देतो. बटण दाबलेलं राहिलं तर पुन्हा भरतच नाही.

सगळं बसवलं, रेग्युलेटर फिरवला. ठेंगणं ऐटीत निघालं, फ्रॉगवर चढलं आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लागला. शॉर्ट! मायक्रोस्विचच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. हे मात्र मीटरने पहिल्याच फटक्यात बरोबर सांगितलं.