नाव ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत केवळ वचनाचा भेद आहे. पहिल्या क्रियेने मूल घरात येते. दुसरीने माणूस घराबाहेर पडतो. भाषाविज्ञान शिकवताना मी हे उदाहरण अनेकदा देतो. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची ‘टेहानू’ (१९९०) ही अद्भुतरम्य कादंबरी वाचताना या भेदाचे मोल मला विशेषत्वाने जाणवले.

‘अर्थसी’ या काल्पनिक द्वीपसमूहात खरे नाव ज्याला कळते, त्याची सत्ता चालते. म्हणून माणसे ते लपवतात. हाक मारण्याचे नाव निराळे असते. तेथील गाँट बेटावर टेनार ही परदेशातून आलेली विधवा राहते. स्वतःच्याच माणसांनी आगीत लोटलेली एक लहान मुलगी ती घरी आणते. मुलीचा अर्धा चेहरा जळालेला, हात आखडलेला, आवाज घोगरा. गावकरी तिच्याकडे पाहणेही टाळतात. टेनार तिला आपल्या मातृभाषेतील नाव देते: थेरू, म्हणजे आगीचे जळणे.

आगीने जिला उद्ध्वस्त केले, तिला आगीचेच नाव का द्यावे? कारण टेनारला जखम झाकायची नाही. जखमेसकट मुलगी आपली मानायची आहे. पुढे जादूचे सामर्थ्य गमावलेला गेडही त्या घराचा होतो. तिघांत रक्ताचे नाते नाही. तरी नित्याच्या कामांतून कुटुंब आकाराला येते.

आईच्या पश्चात मला शेजारच्या काकूंनी वाढवले. शाळेच्या अर्जावरील ‘विद्यार्थ्याशी नाते’ या रकान्यात त्या ‘आई’ असे लिहीत. “सख्खी का?” असे लिपिकाने विचारले की शांतपणे म्हणत, “मानलेली.” व्याकरणात हे धातुसाधित विशेषण आहे, त्याच्या पोटात एक क्रिया आहे. सख्खे नाते आयते मिळते. मानलेले नाते कोणीतरी करावे लागते, आणि ते रोज करावे लागते.

अखेरीस कालेसिन हा पुरातन ड्रॅगन मुलीला ‘टेहानू’ या खऱ्या नावाने हाक मारतो, तिला कन्या म्हणतो. तिचे मूळ तिला सापडते. तरीही तूर्त ती टेनार आणि गेड यांच्यापाशीच राहते. मूळ आणि घर यांपैकी एकाचा त्याग करण्याची अट तिला कोणी घालत नाही.

विद्यार्थी मित्रहो, अद्भुतरम्य साहित्य म्हणजे वास्तवापासूनची पळवाट, अशी नावे त्याला ठेवण्यापूर्वी ही कादंबरी अवश्य वाचा.