विटाळ घरातला

वळसंगच्या विहिरीशी बाबासाहेबांच्या भेटीची आठवण जोडलेली आहे. तिथंच जयंतीच्या तयारीला जमलो असताना एका वहिनीनं आमच्यातल्या ताईंना हळूच सांगितलं, लघवीच्या जागी फोड येतात, सासू म्हणते घाण आणलीस. आता शिवाशिव घरातच! आम्ही गप्प बसलो, हे कबूल करतो.

आजाराचं नाव हर्पिस. विषाणू पुरुषाकडून बाईला जितका सहज लागतो, तितका बाईकडून पुरुषाला लागत नाही. बहुतेकांना लक्षणंच दिसत नाहीत, त्यामुळे 'धडधाकट' नवराही तो देऊ शकतो. दुसऱ्या कुणाशी संबंध नसलेल्या बाईला धोका नवऱ्याकडूनच, आणि कंडोमचा आग्रह धरायची तिला मुभा नाही. हर्पिसमुळे एचआयव्हीची शक्यताही वाढते. विषाणू शरीरातून जात नाही, पण गोळ्यांनी फोड लवकर बरे होतात. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये उपचार मोफत मिळतात.

लैंगिक आरोग्यावर लिहिणाऱ्या र. धों. कर्व्यांचा खटला 1934 साली बाबासाहेबांनी लढवला. आम्ही मात्र हा विषय 'बायकांचा' म्हणून टाळला! पुढच्या बैठकीत आधी पुरुषांना बसवणार आहोत. वहिनी नवऱ्याला घेऊन सोलापूरला जाऊन आल्या. परतताना तो एसटीत एक शब्द बोलला नाही.